दिवाळीचा फराळ आणि हार्मोन्स: एका लाडवाने खरंच सगळं बिघडतं का?

वसुबारस जवळ आली की घराघरांत भाजणीचा वास सुटतो आणि मोबाईलवर सल्ल्यांचा फराळ सुरू होतो. 'साखर बंद करा, नाहीतर हार्मोन्सची वाट लागेल', 'पीसीओएस असेल तर चकलीला हातही लावू नका', 'दिवाळीनंतर सात दिवस डिटॉक्स करा' असे रील्स एकामागोमाग एक येत राहतात. घरात मात्र नेमकं उलटं ऐकू येतं. 'वर्षातून एकदा दिवाळी येते, घे गं अजून एक. काही होत नाही!'

या दोन टोकांमध्ये सापडतात ती पीसीओएस, थायरॉईड किंवा मधुमेह असलेली माणसं. ती दिवसभर उपाशी राहतात, रात्री भरपूर खातात आणि दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून पुन्हा उपाशी राहतात. काहींच्या तर गोळ्यांच्या वेळाही चुकतात.

मग हार्मोन्स सांभाळायचे तर सणात काय आणि कसं खायचं? आणि भीती नक्की कशाची बाळगायची?

हार्मोन्स म्हणजे नेमकं काय?

हार्मोन्स, म्हणजे मराठीत संप्रेरकं. शरीरातल्या वेगवेगळ्या ग्रंथी ही रसायनं तयार करून रक्तात सोडतात. भूक लागणं, पोट भरल्यासारखं वाटणं, रक्तातली साखर, झोप, मासिक पाळी, ताण या सगळ्यांचे निरोप हार्मोन्समार्फत जातात.

सोशल मीडियावर 'हार्मोनल इम्बॅलन्स' हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात तो कुठल्याही एका आजाराचं नाव नाही. थायरॉईडचं हार्मोन कमी पडणं, इन्सुलिनचं काम नीट न होणं आणि पाळी अनियमित असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आणि उपचारही वेगळे.

खाण्याशी सगळ्यात थेट नातं आहे ते इन्सुलिनचं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करूया.

लाडू खाल्ल्यावर शरीरात काय होतं?

आपण लाडू खाल्ला की त्यातली साखर आणि पीठ पचून रक्तातलं ग्लुकोज वाढतं. ते वाढलेलं कळताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनच्या मदतीने हे ग्लुकोज पेशींमध्ये जातं आणि रक्तातली साखर खाली येते. निरोगी माणसात साधारण दोन-तीन तासांत ही पातळी पूर्ववत होते.

म्हणजे लाडू खाल्ल्यावर इन्सुलिन वाढणं हा बिघाड नाही. इन्सुलिनचं कामच ते आहे.

अडचण येते ती पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा झाल्या की. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. तेवढ्याच साखरेसाठी मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि स्वादुपिंड कमी पडू लागलं की रक्तातली साखर कायमची वाढलेली राहते. हाच टाइप २ मधुमेह.

भारतात ही गोष्ट मोजक्या लोकांपुरती राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मदतीने झालेल्या 'इंडियाब' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक प्री-डायबेटिक, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. भाऊबीजेला जमलेल्या वीस-पंचवीस नातेवाईकांत अशी दोन-चार माणसं असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्यापैकी काहींना अजून ते माहीतही नसेल.

एका लाडवात साखर किती?

हिशेब घरच्या घरी करता येतो. बेसनाच्या लाडवाचं एक नेहमीचं प्रमाण घेऊया: अर्धा किलो बेसन, २५० ग्रॅम तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर. यात मध्यम आकाराचे साधारण ३० लाडू होतात.

म्हणजे एका लाडवात १३ ग्रॅमच्या आसपास साखर आली. चहाच्या चमच्याने मोजली तर तीन चमच्यांहून थोडी जास्त. शिवाय ८ ग्रॅम तूप आणि १६-१७ ग्रॅम बेसन. एक लाडू साधारण १९० किलोकॅलरीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, वरून घातलेल्या साखरेतून (यात मध आणि फळांच्या रसातली साखरही धरतात) मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांच्या खाली ठेवली तर आणखी चांगलं. रोज २००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम.

या हिशेबाने दोन लाडवांत २५ ग्रॅमची मर्यादा गाठली जाते. त्यात दोन कप गोड चहा, चार शंकरपाळ्या आणि पाहुण्यांकडचं कोल्ड्रिंक धरा. साखर घातलेल्या कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन लाडवांपेक्षाही जास्त. लाडू खाल्ल्याचं निदान लक्षात तरी राहतं. गप्पांच्या नादात प्यायलेलं कोल्ड्रिंक कुणी मोजत नाही.

पीसीओएस असेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम वयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं.

पीसीओएस असलेल्या अनेक जणींमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स आढळतो. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स जास्त बनवण्याचा निरोप मिळतो. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी होतं. परिणामी मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पाळी लांबणं, चेहऱ्यावर केस येणं, मुरमं येणं यामागे बऱ्याचदा ही साखळी असते.

ही साखळी ऐकली की 'मग गोड पूर्ण बंदच करायला हवं' असं वाटतं. पण पीसीओएससाठी २०२३ मध्ये आलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तसं म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने ती तयार झाली. त्यांत स्पष्ट म्हटलंय की पीसीओएससाठी अमुक एकच आहार बाकीच्यांपेक्षा सरस आहे, असा पुरावा नाही. संतुलित आणि रोज पाळता येईल असा कोणताही आहार चालतो. ग्लूटेन बंद, दूध बंद असे सरसकट नियम पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला लागू होत नाहीत.

याच मार्गदर्शक तत्त्वांतली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये खाण्याशी संबंधित मानसिक आजारांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. म्हणूनच 'तुला पीसीओएस आहे ना, मग लाडू कशाला खातेस?' हा चारचौघांत विचारलेला प्रश्न निरुपद्रवी नाही. सगळ्यांसमोर न खाणं आणि मग रात्री एकटीने डबा उघडून बसणं, याची सुरुवात अशा टोमण्यांतून होऊ शकते.

'संध्याकाळी फराळ आहे, दुपारी जेवत नाही'

सणातला हा सगळ्यात लाडका हिशेब. कॅलरी वाचवायच्या आणि रात्री खर्च करायच्या. शरीर मात्र असा हिशेब ठेवत नाही.

टाइप २ मधुमेह असलेल्या २२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी त्यांनी सकाळची न्याहारी टाळली, त्या दिवशी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यांची साखर जास्त वाढली. ही दोन्ही जेवणं मात्र एरवीसारखीच होती.

शिवाय भूक आहेच. जठरात तयार होणारं घ्रेलिन हे हार्मोन मेंदूला 'खायला हवं' असा निरोप देतं. सकाळपासून पोटात काही नसताना समोर शंकरपाळ्यांची बशी आली की हात चारावर थांबत नाही. याचा दोष मनाच्या कमकुवतपणाला देण्यात अर्थ नाही.

घरात फराळ करणाऱ्या बाईचं तर याहून वेगळं. दुपारभर कढईसमोर उभं राहायचं, मीठ-तिखट बघायला चकली तोंडात टाकायची, मध्ये दोनदा चहा घ्यायचा आणि जेवायला बसायचं सगळ्यांच्या नंतर, चार वाजता. तिचं जेवण झालेलं नसतं आणि खाणं तर दिवसभर चालू असतं. तळणाला बसण्याआधी तिचं ताट वाढलं जाणं, हा तिच्या तब्येतीसाठी कुठल्याही काढ्यापेक्षा कामाचा उपाय आहे.

रात्री दोनपर्यंत गप्पा, पहाटे चारला अभ्यंगस्नान

दिवाळीत झोपेचं गणित पार कोलमडतं. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या भुकेवर दिसतो.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांवर झालेला एक छोटा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपल्यावर त्यांच्या शरीरात भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं होतं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं होतं. ही तुलना दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात काढल्यानंतरच्या पातळीशी होती. कमी झोपेनंतर त्यांना गोड, खारट आणि पिठूळ पदार्थ जास्त खावेसे वाटत होते.

पुढच्या सगळ्या अभ्यासांत या दोन हार्मोन्सचे आकडे असेच आले असं नाही. पण झोप कमी झाली की माणसं जास्त खातात, हे वारंवार दिसलंय.

नरकचतुर्दशीला पहाटे उठायचंच आहे. मग आदल्या रात्री वेळेत झोपणं किंवा दुपारी अर्धा तास पडणं, ही फराळाच्या ताटाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

मग ताट कसं लावायचं?

मुख्य नियम एकच: फराळ हा जेवणाचा किंवा न्याहारीचा भाग असू द्या. पोटभर जेवणानंतर वरून फराळ आणि मधल्या वेळेत पुन्हा फराळ, असं होऊ देऊ नका.

फराळाचे सगळे पदार्थ सारखे नाहीत. भाजक्या पोह्यांच्या चिवड्यात डाळं आणि शेंगदाणे असतात, म्हणजे थोडं प्रथिन मिळतं. चकलीच्या भाजणीत डाळी असतात, पण ती तळलेली असते. बेसनाच्या लाडवात साखर आणि तुपाबरोबर डाळीचं पीठही आहे. शंकरपाळ्या आणि चिरोटे म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि तूप किंवा तेल. अनारशात तांदूळ आणि गूळ. एकही पदार्थ 'विष' नाही. पण सगळेच एका वेळी ताटात आले, तर त्यात भाजी नाही, प्रथिन अगदी थोडं आणि पीठ, साखर, तेल भरपूर, अशी अवस्था होते.

ती भरून काढायला बाहेरून काही आणावं लागत नाही. फराळासोबत मोडाच्या मटकीची उसळ, दही, ताक, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर किंवा उकडलेलं अंडं चालतं. गोव्यात दिवाळीच्या सकाळी पोह्यांचे, म्हणजे 'फोवां'चे वेगवेगळे प्रकार होतात. ताकातले, दुधातले, गुळाचे. अनेक घरांत त्यांच्या जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ असते. गोड पोह्यांसोबत कडधान्य आणि ताक असं हे ताट फक्त गोडधोड भरलेल्या ताटापेक्षा कितीतरी संतुलित आहे.

कोणता पदार्थ आधी खातो, यानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजने टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना वेगवेगळ्या दिवशी तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि चिकन आधी, ब्रेड आणि संत्र्याचा रस १५ मिनिटांनी, असा क्रम ठेवल्यावर एका तासानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. २०१५ मधला हा अभ्यास छोटा आहे, पण घरी करून बघायला काहीच खर्च नाही. आधी उसळ-कोशिंबीर, मग चिवडा-चकली आणि शेवटी लाडू.

आणखी काही सोप्या गोष्टी:

• डबा टेबलावर उघडा ठेवू नका. बशीत वाढून घ्या आणि डबा कपाटात ठेवा. येता-जाता टाकलेले चार घास मोजले जात नाहीत आणि दिवसभर चरत राहिल्याने इन्सुलिनलाही उसंत मिळत नाही.

• एका वेळी एकच गोड पदार्थ निवडा. आवडता निवडा, समोर आहे म्हणून नाही.

• दिवसात तीन घरी जायचं असेल, तर एका घरी गोड खा, दुसऱ्या घरी नुसता चिवडा, तिसऱ्या घरी ताक किंवा बिनसाखरेचा चहा.

• कोल्ड्रिंक आणि पाकिटातल्या ज्यूसऐवजी साधं पाणी, ताक किंवा सोलकढी घ्या.

• खाऊन झाल्यावर लगेच आडवं होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू हलले की ते रक्तातलं ग्लुकोज वापरू लागतात. आकाशकंदील बघायला सोसायटीत एक फेरी मारली तरी चालेल.

गूळ, खजूर आणि 'शुगर-फ्री' मिठाई

'आम्ही साखर वापरलीच नाही, सगळं गुळातलं आहे', असं सांगून वाढलेल्या लाडवाला नाही म्हणणं कठीण जातं. पण गुळाचाही मोठा हिस्सा साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात, इतकंच. रक्तातल्या ग्लुकोजला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही.

खजुरात तंतुमय पदार्थ असतात, ही त्याची जमेची बाजू. तरीही खजुराच्या बर्फीतली गोडी साखरेचीच आहे. ती फळातून आली, एवढाच फरक. म्हणून 'हेल्दी' म्हणून चार वड्या खाण्यापेक्षा घरचा एक लाडू कमी साखरेचा ठरू शकतो.

बाजारातल्या 'शुगर-फ्री' मिठाईत साखर नसली तरी खवा, तूप आणि मैदा असू शकतो. 'शुगर-फ्री' म्हणजे 'कितीही खा' असं नाही. पाकिटामागची माहिती वाचून मगच ठरवा.

थायरॉईडची गोळी आणि पहाटेचा फराळ

दिवाळीत सगळ्यात सहज होणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक इथे आहे.

हायपोथायरॉईडिझममध्ये घ्यायची लेव्होथायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. अन्न, चहा-कॉफी आणि दूध यांमुळे ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्या लागतात.

नरकचतुर्दशीला उठल्या उठल्या तेल, उटणं, आंघोळ, कारीट फोडणं आणि लगेच फराळ-चहा. या गडबडीत गोळी एकतर राहून जाते किंवा चहाबरोबर घेतली जाते. उपाय सोपा आहे. उठल्यावर, तेल लावायला बसण्याआधीच गोळी घ्या. मालीश, उटणं, आंघोळ आणि पूजा उरकेपर्यंत तास सहज निघून जातो. मग फराळ.

आणि फराळ खाल्ल्याने थायरॉईड 'वाढतो' का? चकली-लाडवाने थायरॉईडचं हार्मोन तडकाफडकी वर-खाली होत नाही. आठवडाभर गोळ्या चुकल्या, तर मात्र फरक पडू शकतो.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

'आज गोड खाणार आहे, म्हणून दोन गोळ्या घेते' किंवा 'आज जेवत नाही, पण इन्सुलिन नेहमीचं घेतो' या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. सणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. गरोदरपणातला मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेला आहारच पाळावा. त्यात एखादा लाडू कसा बसवायचा, हेही डॉक्टरांनाच विचारावं.

दिवाळीच्या पत्त्यांच्या पार्ट्यांमध्ये मद्यही असतं. मद्य पचवण्यात गुंतलेलं यकृत रक्तात नवीन ग्लुकोज सोडण्याचं काम कमी करतं. त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मद्य घेतलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, कधी कधी काही तासांनी, झोपेतही.

घाम सुटणं, हात थरथरणं, धडधडणं, बोलणं अडखळणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. पार्टीत 'याला जरा जास्त झाली' असं समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. अशा वेळी माणूस शुद्धीत आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. इथे लाडू किंवा बर्फी कामाची नाही, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यायचं.

आग्रहाचं काय करायचं?

आपल्याकडे आग्रह हे प्रेम दाखवण्याचं माप आहे. 'नको' म्हटलं की यजमानांना वाटतं, पदार्थ आवडला नाही. त्यामुळे नुसत्या नकारापेक्षा दुसरं काही मागणं सोपं जातं. 'काकू, लाडू मस्त झालाय, एक खाल्ला. आता मला फक्त ताक द्या', किंवा 'दोन लाडू बांधून द्या, उद्या सकाळी खाते.' बांधून नेलेला लाडू दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचा भाग होतो आणि काकूही खूश.

वाढणाऱ्यांनाही एक गोष्ट करता येईल. ताट भरून पुढे करण्यापेक्षा डबे मध्ये ठेवून ज्याला हवं ते त्याला घेऊ द्यावं. कुणी नाही म्हटलं तर कारण विचारू नये. प्रत्येकाला आपला आजार बैठकीत सांगायचा नसतो.

दिवाळीनंतर डिटॉक्स हवा का?

नाही. शरीरातले टाकाऊ पदार्थ बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. ज्यूस पिऊन राहण्याने ते वेगाने होतं, याला आधार नाही. उलट मधुमेहाची औषधं चालू असताना उपवास करणं धोक्याचं ठरू शकतं.

मग सणातल्या खाण्याचं काहीच मागे उरत नाही का? अमेरिकेत १९५ प्रौढांच्या वजनावर झालेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथल्या थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सणांच्या काळात त्यांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं. वाढ ऐकायला अगदीच छोटी आहे. पण पुढच्या वर्षभरात ती उतरली नाही. म्हणजे चार दिवसांत काही किलो वाढतात ही भीती जितकी चुकीची, तितकंच 'नंतर आपोआप उतरतं' हेही चुकीचं.

म्हणूनच डिटॉक्सपेक्षा तारीख महत्त्वाची. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण, नेहमीची झोप आणि नेहमीचं चालणं सुरू करायचं. उरलेला फराळ आठवडाभर चहासोबत संपवत बसण्यापेक्षा वाटून टाकलेला बरा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

काही लक्षणांचं खापर फराळावर फोडून चालत नाही. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांपेक्षा उशिरा येत असेल, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, चेहऱ्यावर नव्याने केस येत असतील, खूप तहान लागत असेल, वारंवार लघवीला जावं लागत असेल, कारण नसताना वजन घटत किंवा वाढत असेल किंवा सतत थकवा असेल, तर तपासणी करून घ्यायला हवी. त्यासाठी रील्स बघून बियांचे लाडू किंवा 'हार्मोन बॅलन्स' पावडर मागवणं म्हणजे निदान लांबवणं.

एका लाडवाने हार्मोन्स बिघडत नाहीत आणि एका दिवसाच्या उपासाने ते सुधारतही नाहीत. दिवाळीत खरी परीक्षा असते ती जेवणाच्या, झोपेच्या आणि औषधांच्या वेळांची. त्या सांभाळल्या, तर आईच्या हातचा एक लाडू, आवडीने आणि अपराधी न वाटता, कुणालाही खाता यावा. मधुमेह किंवा दुसरा आजार असलेल्यांनी त्याचं प्रमाण तेवढं डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. औषधं किंवा आहारात बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)